नसलेला अनुस्वार

बुधवारी सकाळी माझी पत्नी जनेलाजवळ मेजावर डोके टेकून बसली होती. मी हाक मारली. तिने ओ दिली नाही. शेजारी आले, डॉक्टर आले. दुपारी साखळीच्या स्मशानात मी अग्नी दिला. संध्याकाळी घरी येऊन दिवा लावला.

त्याआधी अडतीस वर्षे आम्ही एका घरात काढली. मी शाळेत मराठी शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर गावच्या वाचनालयात जाऊन बसू लागलो. पुस्तकांना पुठ्ठे घालायचे, सुटलेली पाने शिवायची, एवढेच तिथले माझे काम. ती घर सांभाळत होती आणि कविता लिहीत होती. पेडणे आणि डिचोली ह्या दोन तालुक्यांबाहेर तिला कोणी ओळखत नसेल. ह्या दोन तालुक्यांत मात्र बसचे वाहकसुद्धा ओळखत. मला ते 'कवयित्रीबाईंचे सर' म्हणत आणि मला त्यात कमीपणा वाटत नसे.

तिच्या कविता दोन स्थानिक साप्ताहिकांत येत. दोन्ही बंद होऊन बरीच वर्षे झाली. त्यांचे जुने अंक आता कुठेही नाहीत. मी सगळीकडे विचारून पाहिले आहे. जी कात्रणे तिने ठेवली तेवढीच उरली, आणि ती सगळी एका हजेरीपटात चिकटवलेली होती.

हा हजेरीपट माझ्याच शाळेतला. वर्ष संपायच्या आत शाळेने नवा नमुना आणला आणि कोरे राहिलेले जुने पट रद्द झाले. मी त्यातला एक घरी आणला. लांब रुंद पाने तिला आवडली. मुलांच्या हजेरीसाठी आखलेल्या उभ्या रकान्यांतून तिच्या ओळी आडव्या चालत. प्रत्येक पानावर एक कविता, आधी तिच्या हाताने. ती छापून आली की तांदळाच्या पिठाची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे, आणि छापील कात्रण बरोबर त्या हाताच्या कवितेवर चिकटवायचे. समोरचे पान कोरे असे. मी एकदा विचारले की कात्रण समोर का लावत नाहीस.

"छापून आली म्हणजे सासरी गेली," ती म्हणाली. "मग माहेरचं नाव कशाला ठेवायचं?"

मला ते वाक्य इतके आवडले की दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी ते सगळ्यांना ऐकवले.

कविता साप्ताहिकाकडे पाठवायचे काम माझ्याकडे होते. ती पटात लिही, मी फुलस्केप कागदावर नक्कल करी, पाकिटात घाली आणि टपालात टाकी. नक्कल करताना मी थोडे नीटनेटके करत असे. ती पेडण्याकडच्या मांद्र्याची. तिच्या लिहिण्यात तिथले शब्द येत. मी चुडताची झावळी करी, व्हाळाचा ओढा, जनेलाची खिडकी. बोलताना मी स्वतः जनेलच म्हणतो, पण कागदावर आले की खिडकी. तीस वर्षे मुलांना हेच शिकवले होते आणि एका अनुस्वारासाठी अर्धा गुण कापला होता. तिच्या कवितेवर आपण उपकार करतो आहोत असे मला वाटे. तिने कधी काही म्हटले नाही. छापील कविता वाचायची, खळ शिजवायला ठेवायची, एवढेच.

तिची सगळ्यांत गाजलेली कविता 'विहीर'. शाळांच्या संमेलनांत ती म्हटली जाते. एका पंचायतीने पाण्याच्या टाकीवर तिच्या पहिल्या दोन ओळी निळ्या रंगात रंगवल्या आहेत आणि खाली 'पाणी जपा' असे लिहिले आहे. छापून आली ती अशी:

परसातली विहीर अजून भरलेली आहे.
वाकून हाक मारली तर
माझाच आवाज परत देते,
थोडा गार करून.
सगळे तिच्याकडे येतात रिकामी कळशी घेऊन,
तिला कोणी विचारत नाही
तुला काय हवे.

ती गेल्यावर वाचनालयाने ठरवले की वर्षश्राद्धाच्या दिवशी तिच्या कवितांचे पुस्तक काढायचे. वाचनालयाचा चिटणीस माझा जुना विद्यार्थी, आता बँकेत आहे. पुस्तकाचे नाव 'विहीर' हे त्यानेच सुचवले. मुखपृष्ठावर विहिरीचे चित्र, तेही कोणाकडून तरी काढून घेतले. मला फक्त हजेरीपट द्यायचा होता. कात्रणांवरून अक्षरजुळणी होईल, पट जसाच्या तसा परत येईल, असे त्याने मला चार वेळा सांगितले. मी देतो देतो म्हणत राहिलो. पट घरातून बाहेर गेला तर घर रिकामे होईल असे वाटत होते. हे कोणाला सांगण्यासारखे नव्हते.

गणेशचवथीच्या आठ दिवस आधी एकदाचे मनावर घेतले आणि पट कपाटातून काढला. पावसाने पानांना ओल आली होती. द्यायच्या आधी पुसून घ्यावा म्हणून एकेक पान सुती फडक्याने टिपत गेलो. 'विहीर'च्या पानावर कात्रणाचा वरचा कोपरा सुटून वर आला होता. खळ वाळून तिची पापडी झाली होती. कोपरा बोटाने दाबून बसवू लागलो तेव्हा खाली तिचे अक्षर दिसले. निळ्या पेनाने लिहिलेले, थोडे उजवीकडे कललेले. एकच शब्द दिसत होता.

बाय.

मी जनेल उघडले, पट उजेडात धरला आणि पुन्हा पाहिले. बाय. वर टिंब नव्हते.

आमच्याकडे विहिरीला बांय म्हणतात. टिंबासकट. टिंब नसले की तो वेगळा शब्द होतो. बाय म्हणजे मुलगी, बाय म्हणजे घरातली बाई, मायेने हाक मारायची असेल तर कोणीही बाय. मला नक्कल करतानाची दुपार अगदी आठवली. मी तो शब्द वाचला होता. घाईत टिंब राहिले असेल असे मनात म्हणून ते मी मनातच दिले, आणि मग बांय हा शब्द साप्ताहिकाच्या वाचकांना कळणार नाही म्हणून विहीर केले. दोन्ही दुरुस्त्या एका दमात. ती आतल्या खोलीत होती. मी हाक मारून विचारले असते तर तिने सांगितले असते. मी विचारले नाही, कारण मला उत्तर माहीत होते.

टिंब खरोखरच राहून गेले असेल, असेही वाटून पाहिले. म्हणून बाकीच्या पानांवर कात्रणांच्या कडेने तिचे जे काही अक्षर दिसत होते ते भिंगातून तपासले. तिच्या हातून अनुस्वार सुटत नसे. एकही नाही. उलट टिंब ती इतके ठासून देई की पेनाचे टोक पाठीमागच्या बाजूला उमटे.

तेव्हा मला जे झाले ते दुःख नव्हते.  नऊ महिने मी ह्या घरात तिचा शब्द ऐकला नव्हता, आणि एवढे सगळे शब्द ह्या कात्रणांखाली पडून होते, माझ्या हाताला लागतील असे, माझ्या दुरुस्त्यांच्या आधीचे. मी उठलो, दोनदा अंगणात जाऊन आलो, पुन्हा बसलो. चिटणीसाला फोन करून सांगितले की पट आणखी थोडे दिवस मिळणार नाही. त्याने कारण विचारले. मी म्हणालो, ओल आली आहे. हे खोटे नव्हते.

खळीचा एक मोठा गुण आहे. डिंकासारखी ती कागदाला कायमची धरत नाही, पाणी लागले की सोडते. पुठ्ठे बांधताना हे मला रोज उपयोगी पडत असे. पण पाणी शाईलाही लागते, हे मी उत्साहात विसरलो. पहिलेच पान घेतले ते तिच्या सुरुवातीच्या दिवसांतले, शाईपेनाने लिहिलेले. ओला बोळा फिरवला, कात्रण सहज निघाले, आणि खाली कविता नव्हती. निळे पाणी होते. रकान्यांच्या रेघांतून ते खाली ओघळत होते. मी टीपकागद ठेवला, पंखा लावला, काही उपयोग झाला नाही. त्या पानावर आज दोन शब्द वाचता येतात, 'आणि' आणि 'माका'. माझ्या नकलेवरून छापलेल्या कात्रणात 'मला' आहे.

त्या दिवशी मी दुसऱ्या पानाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी वाफेचा विचार सुचला. ह्या वर्षी घरात सुतकाचे वर्ष म्हणून चवथीला गोडधोड करायचे नव्हते, आणि मोदकपात्र माळ्यावर रिकामे होते. ते खाली काढले. पाणी उकळायला ठेवले, झाकणाच्या भोकातून वाफेची बारीक धार येते तिच्यावर पान वितीएवढ्या अंतरावर धरले. आधी कोपरा, मग कड. चाकूचे बोथट पाते आत सरकवायचे, ढकलायचे नाही, खळीने सोडले की पाते आपोआप पुढे जाते. एका पानाला तासभर लागे. शाईपेनाची पाने मी शेवटी ठेवली आणि ती करताना श्वास धरून बसे. बॉलपेनाच्या पानांना भीती नव्हती.

पुढचे तीन आठवडे मी दुसरे काही केले नाही. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की पोई घ्यायची, खायची, आणि मोदकपात्र पेटवायचे. एकेक कात्रण उठे आणि खालून ती बोलू लागे. झावळी उचलली की चुडत, ओढा उचलला की व्हाळ. काही ठिकाणी तर मी ओळच बदललेली होती, आणि का बदलली ते आता मला सांगता येईना. एका कवितेत तिने लिहिले होते, 'पावसाने जनेल धरून ठेवले.' मी तिचे केले होते, 'पाऊस खिडकीत उभा होता.' मी ते मोठ्याने वाचले, आधी माझे, मग तिचे, मग पुन्हा तिचे. एकटाच हसलो. शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून विचारले, काका, कोण आलंय? मी म्हणालो, कोणी नाही, वाचतोय. पुढे आठवडाभर त्या मला भाजी देताना माझ्याकडे जरा निरखून बघत.

मला स्वतःची लाज वाटायला हवी होती. बायको जाऊन वर्ष झाले नव्हते आणि मी सकाळी उठायची वाट बघत होतो. पण खरे सांगायचे तर तसे होते.

'विहीर' मी मुद्दाम मागे ठेवली होती. ती सगळ्यांत शेवटी उकलली. तिच्यात माझ्या दुरुस्त्या थोड्या होत्या. 'थोडा गार करून' ह्या जागी 'वायच थंड करून' होते, आणि विहिरीच्या जागी बाय. बाकी सगळे शब्द तिचेच. 'परसातली बाय अजून भरलेली आहे.' ही कोण बाय? मी ती ओळ घेऊन दोन दिवस घरात फिरलो. ती स्वतः असेल असे वाटले. तिची आई असेल. मग एक भीतीही वाटली, की ही अशी कोणी असेल जिच्याबद्दल मला तिने कधी सांगितलेच नाही. आणि पुस्तक छापायला जायचे होते. त्याचे नावच ह्या शब्दावर बेतले होते. खालचा शब्द कोणाचा हे कळल्याशिवाय मला कोणाशी भांडता आले नसते.

तिच्या माहेरी आता एकच माणूस होते ज्याला विचारता येईल. तिची थोरली बहीण. तिच्याहून बारा वर्षांनी मोठ्या, लग्न न झालेल्या. लहानपणी तापात कान गेले. डाव्याने काहीच ऐकू येत नाही, उजव्याने अगदी जवळ तोंड नेले तर येते. मी त्यांना ताई म्हणतो. अडतीस वर्षांत त्यांच्याशी माझे बोलणे झाले ते ओट्यावरून, हातवारे करून, मोठ्याने. बऱ्या आहात? जेवलात? त्या मान हलवत. माझी बायको मात्र त्यांच्याशी कुजबुजल्यासारखी बोले आणि दोघी खूप हसत. दर महिन्याला ती त्यांना पत्र लिही. सगळे जग फोनवर गेले तरी हिचे पत्र चालूच, कारण ताईंना फोनवर काही ऐकू येत नव्हते. ती पाकिटे टपालात मीच टाकली आहेत.

नवरात्राच्या आधी एका सकाळी बस धरली. म्हापशाला बदलली आणि मांद्र्याला उतरलो. पट घेतला नाही, ते एक पान तेवढे सुटे करून दोन पुठ्ठ्यांत बांधून घेतले होते. घराच्या पुढच्या भागात ताईंच्या भाच्याने पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत. रशियन भाषेतली पाटी आहे. मी त्या खोल्यांच्या कडेने मागे गेलो. ताई परसात पत्र्याखाली तांबडी भाजी निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात पावसाची सर आली आणि पत्र्यावर असा आवाज सुरू झाला की ओरडूनही काही उपयोग झाला नसता. म्हणून मी जवळ गेलो आणि पहिल्यांदाच त्यांच्या उजव्या कानाशी वाकलो.

"ताई, तिच्या कवितेबद्दल विचारायला आलोय."

त्यांनी मान वर केली नाही. हात भाजीतच होते. "तिच्या कवितेबद्दल विचारायला आलोय," त्या म्हणाल्या. माझेच शब्द, माझ्यापेक्षा हळू.

नीट ऐकू आले की नाही हे पाहायला त्या ऐकलेले पुन्हा म्हणून बघतात. मी ओट्यावरून बोलत असे, त्यामुळे मला ते कधी कळले नव्हते.

मी तसाच वाकून राहिलो. मला काही विचारायचे उरले नव्हते, पण पुठ्ठे सोडले आणि पान त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा लावला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. त्यांचे बोट ओळींवरून हळूहळू गेले आणि पहिल्या ओळीवर परत येऊन थांबले, त्याच शब्दावर. मग त्या माझ्याकडे बघून हसल्या. दात थोडेच उरले आहेत.

"कळलां एकदाचां? मास्तर मा तुमी? एक टिंब वाचूक येना?"

मी परसाच्या टोकाकडे हात केला. तिथे विहीर आहे. लग्नानंतर पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हापासून मी ती बघतो आहे, तिच्या पाण्याने आंघोळ केली आहे.

"ती बांय तुमच्या लग्नाच्या वर्सा खणली," ताई म्हणाल्या. "तिच्या आदी पाणी मीच हाडी, झरीवरसून. साऱ्या घराचां."

मग त्यांनी भाजीची परात बाजूला सारली आणि झरीवरून पाणी आणायच्या दिवसांपासून बरेच काही सांगितले. लहानपणी ती त्यांना बायच म्हणे. लग्न होऊन साखळीला आली, आणि आमच्या घरात थोरल्या बहिणीला ताई म्हणतात हे बघून तीही माझ्यासमोर ताई म्हणू लागली. मी तोच शब्द उचलला. आमच्या घरच्यांनी तिला तसे सांगितले होते का, असे मी कानाशी वाकून विचारले. नाही, त्या म्हणाल्या, कोणी सांगितले नाही, तिचे तीच शिकली.

ह्या कवितेबद्दल तुम्ही मला कधी का बोलला नाहीत, असेही विचारले. त्या उठल्या, आत गेल्या, आणि पत्रांचा गठ्ठा घेऊन आल्या. साडीच्या काठाने बांधलेला होता. तारखेप्रमाणे लावलेली पत्रे. माझ्या हस्ताक्षरातले पत्ते प्रत्येक पाकिटावर. त्यांनी वरून खाली शोधत एक काढले आणि मला दिले. ते असे:

'बाय, कविता छापून आली. पण ह्यांनी तुझी बांय केली आणि बांयची विहीर. अंक घेऊन साऱ्या वाड्यावर दाखवून आले, पायांत वहाणा घालायच्या विसरले. इतके खूश माणूस, त्याला कसे सांगू? तू कोणाकडे बोलू नको. विहीर झालीस तरी पाणी तुझेच.'

मी ते तीनदा वाचले. पाऊस थांबला होता, पत्र्याच्या कडेने पागोळ्या पडत होत्या. वहाणांचे मला आठवत नव्हते. अंक दाखवत फिरलो होतो, ते आठवत होते.

"तिना सांगल्यान, बोलू नको. म्हणान बोललंय नाय," ताई म्हणाल्या. "आता ती ना." आणि पान माझ्या हातात देत, "वाचा तुमी. माझ्या कानात कोणी वाचूक ना अजून."

मी पुन्हा वाकलो. परसातली बाय अजून भरलेली आहे. त्यांनी ती ओळ परत म्हटली. वाकून हाक मारली तर. तीही परत म्हटली. असे एकेक ओळ चालले होते. 'वायच थंड करून' म्हणताना माझा आवाज फुटला आणि त्यांनी तो शब्द फुटलेला न ठेवता सरळ करून परत दिला. मी शेवटच्या ओळीपर्यंत आलो.

"तुला काय हवे," मी वाचले.

ती ओळ त्यांनी परत म्हटली नाही. थोडा विचार केला.

"माका?" त्या म्हणाल्या. "माका नवो चष्मो व्हयो."

मी हसलो ते हसणे थांबेना. त्याही हसू लागल्या, का ते नक्की न कळून. भाचा पुढून बघायला आला. त्याच दुपारी आम्ही दोघे रिक्षाने पेडण्याला जाऊन चष्म्याचे माप देऊन आलो. परत येताना बसमध्ये मी ते पान मांडीवर उघडून बसलो होतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सगळी हकीकत सांगत होतो. मी तसा बोलणारा माणूस नव्हे.

वाचनालयाची बैठक रविवारी झाली. लोकांना पाठ असलेल्या दोन-चार कवितांची अक्षरजुळणी सुरूही झाली होती. मी उभा राहून सगळे सांगितले. कविता तिने एक लिहिल्या आणि मी दुसऱ्या पाठवल्या, तिला न विचारता. माझ्यासमोर माझेच चार विद्यार्थी बसले होते. त्यांच्या वह्यांत मी हेच केले होते, फक्त तांबड्या शाईने.  मग चिटणीस म्हणाला की सर, लोकांना ती विहीर म्हणून पाठ आहे, मुखपृष्ठ तयार आहे, आणि बाय म्हटले तर पणजीच्या पलीकडे कोणाला कळायचे नाही. मी म्हणालो की मीही हेच म्हटले होते, पंचवीस वर्षांपूर्वी, आणि विहिरीचे चित्र मला आवडले आहे, पण ते काढावे लागेल. नाहीतर पट मी देणार नाही. ह्या आधी मी वाचनालयात कधी 'नाहीतर' म्हटले नव्हते.

"आणि टाकीवर रंगवलंय त्याचं काय करायचं, सर?"

"टाकीवर राहू दे," मी म्हणालो. "तिथे पाणीच आहे."

ते हसले आणि मग गोष्ट सोपी झाली. त्या रात्री चिटणीस घरी आला, पटाची पाने बघत जेवायच्या वेळेपर्यंत बसला, आणि जाताना म्हणाला, सर, 'धरून ठेवले' किती चांगलं आहे. मी म्हणालो, हो ना. आम्ही दोघेही मुलांसारखे तेच तेच पान उघडत होतो.

पुस्तक वर्षश्राद्धाला निघाले. नाव 'बाय', टिंबाशिवाय. मुखपृष्ठ कोरे आहे, नुसती अक्षरे. प्रस्तावना मी लिहिली, दीड पानाची, आणि तिच्यात मी काय काय बदलले होते त्याची कबुली आहे. ताई नव्या चष्म्याने पुस्तक वाचतात आणि चुका काढतात. दोन सापडल्या. दोन्ही माझ्या नव्हत्या.

आता माझ्याकडे हजेरीपट आहे. त्यातली एक सोडून सगळी पाने तिच्या अक्षरात वाचता येतात. कात्रणे वेगळ्या पाकिटांत आहेत. पत्रे मांद्र्याला ताईंकडे आहेत. त्या ती द्यायला तयार नाहीत आणि मी मागत नाही. महिन्यातून दोनदा जातो आणि परसात बसून नक्कल करून आणतो, शब्दाला शब्द. अजून एकशे चाळीस पत्रे राहिली आहेत.